हळदपट्टा

माझी मुलगी जनावरांची डॉक्टर आहे आणि मला तिचं कौतुक आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे, तिच्यावर आणि स्वतःवरही, तेव्हा उगाच कुणाचा गैरसमज नको.

तिचं नाव प्रांजल. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काही वर्षं काढून ती आमच्याच मांडवखेडच्या नगरपालिकेत पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून आली, ती हळदपट्टा घेऊनच. राहायला नगरपालिकेच्याच क्वार्टरमध्ये. अख्ख्या राज्यात ही योजना पहिल्यांदा आमच्या गावात. मी आणि आमचे हे, म्हणजे धायगुडे सर, दोघंही इथल्याच हायस्कुलात नोकरीला होतो. मी विज्ञान शिकवायचे, हे पी.टी. घ्यायचे. आता दोघंही निवृत्त, त्यामुळे मुलीचं कौतुक ऐकत बाजारातून फिरायला आम्हाला भरपूर वेळ होता.

हळदपट्टा म्हणजे काय, ते सांगते. पिसाळलेल्या कुत्र्यांची धास्ती आमच्याकडे जुनी. गटाराचा गाळ काढायला यंत्रं आली, एसटी बिनाड्रायव्हरची झाली, पण कुत्रं अंगावर आलं की माणूस अजून तसाच पळतो. लस टोचलेलं कुत्रं आणि न टोचलेलं कुत्रं लांबून ओळखायचं कसं? कानाला खुणेची खाच पाडली तर ती बघायला त्याच्या तोंडाशी जावं लागतं. गळ्यात पट्टा बांधला तर तो तुटतो, नाहीतर कुणीतरी काढून आपल्या कुत्र्याला घालतो. प्रांजलच्या संस्थेने ठरवलं, कुत्र्याच्या केसांनाच बोलतं करायचं.

हे कसं जमतं ते दहावीच्या वर्गाला सांगायचे तसं सांगते. कुत्र्यांचे तुम्हाला पन्नास रंग दिसोत, केसात रंगद्रव्यं दोनच. एक काळं, एक पिवळं-तांबूस. काळ्याचं कधी चॉकलेटी होतं, कधी राखाडी. पिवळ्याचं कधी लाल, कधी अगदी सायीसारखं फिकं. दोन्ही नसतील तिथे पांढरं. केसाच्या मुळाशी रंग बनवणारी पेशी असते आणि तिच्यावर एक बटण असतं. बटण चालू, तर काळा रंग. बंद, तर पिवळा. हे बटण बंद करणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव अगूती. ते पाठीकडे कमी आणि पोटाकडे जास्त झालं की कुत्रं वरून काळपट आणि खालून पिवळं होतं. आपल्या गल्लीतली निम्मी कुत्री अशीच असतात.

तर लशीबरोबर हे प्रथिन बनवायची एक तात्पुरती सूचना द्यायची. ती कुत्र्याच्या मूळ जनुकांना हात लावत नाही. कातडीतल्या पेशी काही आठवडे ती वाचतात, मग ती विरून जाते. मानेभोवतीचे केस मशीनने उतरवायचे, बारीक सुयांची एक पट्टी मानेला चापून लावायची, कुत्रं केकाटायच्या आत काम संपलं. नवे केस येतात ते मानेभोवती पिवळे, हळद लावल्यासारखे. वर्षभराने ते गळतात, तोवर पुन्हा लस द्यायची वेळ झालेली असते. ना दाखला, ना ॲप, ना सही-शिक्का. ‘पट्टा हीच नोंद’ हे वाक्य प्रांजलचंच, आणि नगरपालिकेने ते भिंतीभिंतींवर रंगवलं होतं.

जी कुत्री जन्मतःच अंगभर पिवळी, त्यांचं काय, असं मी तिला मुद्दाम विचारलं होतं. आयुष्यभर पेपर तपासले की माणूस असा खवचट होतो. ती हसून म्हणाली, "त्यांचं बटणच नादुरुस्त असतं, आई. त्यांच्या कानात बिल्ला. पांढऱ्यांच्याही. तो विचार झालाय." मला गर्वाने भरून आलं. काळ्या कुत्र्यांबद्दल मी विचारलंच नाही. काळ्यावर पिवळं उठूनच दिसणार, त्यात विचारायचं काय?

गावाने हळदपट्टा डोक्यावर घेतला. "काय वहिनी, तुमच्या मोत्याला हळद लागली का? मग पोरगी बघायची का?" अशी थट्टा नळावर, दळणाला, सगळीकडे. पट्टेवाल्या कुत्र्याच्या डोक्यावरून लोक बिनधास्त हात फिरवायला लागले. आणि बिनपट्ट्याचं कुत्रं दिसलं की पोरं आधी दगड शोधायला लागली, हेही खरं. पण तेव्हा ते आमच्या डोळ्यांत खुपलं नाही.

आता काळ्या कुत्र्यांचं. आमचा ग्रामदेव भैरोबा, आणि काळं कुत्रं म्हणजे भैरोबाचं. त्याला रविवारी भाकरी टाकायची, त्याच्यावर हात उचलायचा नाही, आणि त्याला सुई लावू द्यायची नाही. सुई लागली की देव अंगातून जातो म्हणे. वर्गात यावर बोलून बोलून माझा घसा बसला, उपयोग शून्य. लसीकरणाची गाडी आली की गावातली काळी कुत्री माळ्यावर चढतात, गोठ्यात शिरतात, पाहुण्यांच्या मळ्यात मुक्कामाला जातात. हे सगळ्या गावाला ठाऊक.

आमचा बुक्का असाच अंगभर काळा. नावाप्रमाणे कपाळाला लावायच्या बुक्क्यासारखा. डोळे मिटून अंधाऱ्या खोलीत बसला तर त्याच्यावर आपला पाय पडायचा. पण आमचे हे असल्या भानगडी मानणाऱ्यांतले नव्हेत. आणि खोटं बोलणं तर यांना जमतच नाही. पंचवीस वर्षं यात्रेतल्या कबड्डीचे पंच. फायनलला स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला, म्हणजे माझ्या भावाला, शेवटच्या चढाईत बाद दिलं. तेव्हापासून भाऊ आमच्याकडे चहा घेतो, पण जेवायला थांबत नाही. असा माणूस. हळदपट्ट्याच्या लसीचं शिबिर झालं त्या दिवशी मी बहिणीकडे फलटणला होते. हे बुक्काला घेऊन शाळेच्या मैदानावर गेले, रांगेत उभे राहिले, पुण्याहून आलेल्या पोरांनी बुक्काची मान भादरली आणि पट्टी लावली. संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, "बेट्याने हूं की चूं केलं नाही."

केस आले. काळेच आले.

पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, उशिरा येईल. मग समोरच्या बोंद्रेवहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "सर पण भैरोबाचे भक्त निघाले हो! आम्हाला वाटलं, विज्ञानवाल्यांचं घर." मी फणकाऱ्याने आत आले. पण आत येऊन बुक्काची मान हाताने चाचपून पाहिली. भादरल्यासारखी आखूड तर दिसत नव्हती. मग मी हिशेब केला, इतक्या दिवसांत केस वाढणारच की. आणि मग दुसराही हिशेब केला, जो करायला नको होता. फलटणहून आले तेव्हा भादरलेली मान मी पाहिली होती, पण ती यांनी मला दाखवायला घरीच भादरली असेल तर? यांची आई भैरोबाला नवस करायची. म्हातारपणी माणसाच्या मनात काय येईल सांगता येतं का?

त्यातच बोंद्र्यांचा नातू अंगणात बॉल आणायला आला, बुक्का भुंकला, पोरगं पडलं आणि गुडघा खरचटला. चावला-बिवला काही नाही. पण बोंद्र्यांनी नगरपालिकेत फोन लावला, आणि गाडी घेऊन कोण आलं, तर प्रांजल. तिने दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण स्वतःच्या घरच्या कुत्र्याला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून ती स्वतः आली.

गल्ली गोळा झाली. ती अंगावर सरकारी जाकीट घालून फाटकाबाहेरच उभी राहिली.

"पप्पा, बुक्काला शिबिरात नेलं होतं का?"

"म्हणजे काय? मी स्वतः धरला होता त्याला."

"मग पट्टा कुठाय?"

"ते तू सांग. डॉक्टर तू आहेस."

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रांजलचा चेहरा लाल झाला. मला तिचा तो चेहरा माहीत आहे. लहानपणी चारचौघांत गणित चुकलं की असाच व्हायचा. ती म्हणाली, "हजारावर कुत्र्यांना पट्टा उमटलाय. न उमटलेली काळी तेवढी, आणि ती का ते सगळ्या गावाला माहितीये. पप्पा, केस खोटं बोलत नाहीत."

"मग मी बोलतो?"

"हो. बोलताय. निदान माझ्यापुढे तरी बोलू नका."

हे माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते, पदराला हात पुसत. मी एक शब्द बोलायचा होता. ‘अगं, फोनवर सांगितलं होतं यांनी मला’ एवढंच. पण फोनवर सांगितलं म्हणजे काय, माणूस फोनवर काहीही सांगतो, असं माझ्या मनात आलं आणि मी खाली बघितलं. यांनी ते पाहिलं. मग कुणाला हात लावू न देता यांनी स्वतः बुक्काला उचलून गाडीत ठेवलं, आणि फाटक लावून घेतलं.

नियम असा, की बिनपट्ट्याचं कुत्रं गावाबाहेरच्या निवाऱ्यात जायचं. तिथे आधी रक्ताचा नमुना, मग पुन्हा लस, आणि पट्टा उमटला की घरी. तोवर भेट नाही. घर सुनं पडलं. हे जेवायचे, पेपर वाचायचे, माझ्याशी कामापुरतं बोलायचे. एका दुपारी न राहवून मी शेजारी बसले आणि अगदी हळू, समजूत काढल्यासारखं विचारलं, "खरं सांगा, मी काही म्हणणार नाही. नेला होता ना?"

यांनी चष्मा काढला, पेपरवर ठेवला. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी नवऱ्याला कुत्र्याच्या चार केसांवरून जोखत होते! मला लाज वाटायला तिथून सुरुवात झाली, आणि ती अजून संपलेली नाही.

यात्रा जवळ आली तशी कबड्डी मंडळाची पोरं घरी आली. सरांच्या हाताखाली खेळून मोठी झालेली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि उठता उठता त्यांतला एकजण म्हणाला, "सर, यंदा पंच बाहेरून बोलावलेत. म्हणजे तसं काही नाही, पण कुणी आक्षेप घ्यायला नको. तुम्ही पाहुणे म्हणून या ना." हे म्हणाले, "बरं." पोरं गेल्यावर कपाटातली शिट्टी काढून यांनी बघितली आणि परत ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात पिराजी मदन्याचा कुत्रा मेला. पिराजी एसटी स्टँडसमोर फुटाणे भाजतो. त्याचा खंड्याही असाच अंगभर काळा, दिवसभर हातगाड्याखाली झोपणारा. बाजाराच्या दिवशी गर्दीत कुणाचा तरी पाय त्याच्या शेपटीवर पडला, तो गुरगुरला, कुणीतरी ओरडलं, "बिनपट्ट्याचं आहे रे!" आणि लोकांनी काठ्या घेतल्या. ज्या गावाने काळ्या कुत्र्यावर कधी खडा उचलला नाही, त्या गावाने. पिराजी मधे पडला तर त्याच्या हातावरही बसली. तो एकच सांगत होता, मी टोचून आणलंय, शिबिरात टोचून आणलंय. कोण ऐकणार? पट्टा हीच नोंद.

प्रांजल आली ती भर दुपारी, मागच्या दाराने. हे मैदानावर गेले असतील असं आम्हाला वाटलं. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आई, बुक्काला पट्टा उमटला नाही."

"कधीचं सांगतोय आम्ही."

"तसं नाही. या वेळी मी टोचलं. माझ्या हाताने, दुप्पट काळजी घेऊन. नवे केस आले. काळेच. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेलं रक्त तपासलं. मी टोचायच्या आधीचं. त्यात लशीच्या प्रतिकारशक्तीचा आकडा भरपूर आहे. त्याला शिबिरात लस मिळाली होती, आई. पप्पा खरं बोलत होते."

मग तिने सांगितलं आणि मी, विज्ञानाची बाई, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ऐकत राहिले. बटण बंद करणारं प्रथिन एक. पण काही कुत्र्यांत आणखी एक वेगळं प्रथिन असतं, दुसऱ्याच जनुकातून आलेलं. ते जाऊन बटणावर ठाण मांडून बसतं, बटण चालूच्या बाजूला दाबून धरतं. मग अगूती कितीही ओता, त्याला बटणापर्यंत पोचायला जागाच नाही. असं कुत्रं अंगभर काळं. आई किंवा बाप, एकाकडूनही हे जनुक आलं तरी पुरे. त्याला लस पूर्ण लागू पडते. फक्त पिवळा केस येत नाही, कधीच येणार नाही.

"हे नवं आहे का? आधी कुणाला माहीत नव्हतं?"

"पुस्तकात आहे," ती म्हणाली. "मी परीक्षेत लिहिलंय."

"मग चाचणी घेतलीत ना तुम्ही? शेकडो कुत्र्यांवर? त्यात एकही काळं नव्हतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. चाचणी इथेच, शिबिराच्या आधी झाली होती, आणि कुत्री धरायला आमच्याच नगरपालिकेची माणसं होती. ती काळी कुत्री धरत नाहीत. पाठीवर काळी, पोटाला पिवळी अशी खूप होती, त्यांना पट्टा झकास उमटला, आणि सगळ्यांनी मानलं की काळ्यांचंही झालं. "पण त्यांना तरी काय बोलू, आई? पहिल्या दिवशी पहिलं कुत्रं समोर आलं ते काळंच होतं. देवळाच्या पायरीवर बसलं होतं. मी सवयीने हात जोडले. आजी जोडायची तसे. ते बघून पोरांनी दोरी खाली टाकली आणि दुसऱ्याकडे वळली. मला तेव्हा छान वाटलं होतं. गावच्या श्रद्धेचा मान राखला, असं."

मी कपाळाला हात लावला. पुण्याला शिकून आलेली पोर माझी! आणि पुढे अख्ख्या गावाने तीच चूक उलट्या बाजूने केली. काळ्यांना पट्टा नाही म्हटल्यावर कुणालाही शंका आली नाही, कारण काळी कुत्री लपवतात हे सगळ्यांना पाठच होतं.

"मग आता सांग की सगळ्यांना," मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यात योजना आणखी गावांत चाललीय. आत्ता मी म्हटलं की पट्टा चुकतो, तर लोक सगळ्याच पट्ट्यांना खोटं म्हणतील. लस घेणं सोडतील. मग कुत्रं नाही, माणूस मरेल. आणि माझी नोकरी तर... मी असं करते. काळ्यांना यापुढे कानात बिल्ला. परंपरेचा मान म्हणून, असं सांगू. हळूहळू सगळं मिटेल."

तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आणि ती माझ्या पोटची. मी म्हटलं, "बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं." हे शब्द मी उच्चारले. पिराजीचा प्लास्टरमधला हात मी त्याच सकाळी बाजारात पाहिला होता, तरी उच्चारले.

मागच्या अंगणात बादली वाजली. हे तिथेच होते, झाडांना पाणी घालत. किती ऐकलं कोण जाणे. दारात आले, प्रांजलकडे बघून म्हणाले, "बुक्का बरा आहे ना? खातो का?" ती म्हणाली, "खातो." हे पुन्हा बादली घेऊन वळले.

पिराजीने गप्प बसायचं नाकारलं. तो आणि आणखी चारदोन काळ्या कुत्र्यांचे मालक नगरपालिकेत जाऊन बसले, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी सभागृहात सगळ्यांना बोलावलं. सभागृह खच्चून भरलं. प्रांजल पुढे टेबलाशी, मी तिच्या मागच्याच खुर्चीवर. हे मागे, खिडकीपाशी उभे.

पिराजी उठला. बोलायची सवय नाही, हात गळ्यात. "सायब, मी टोचलं हुतं. भैरोबाची आन. बायको नगं म्हनत हुती तरी टोचलं, लेकरं खेळत्यात म्हनून. माझं कुत्रं गेलं ते गेलं. पन मी खोटारडा न्हाई, तेवढं लिहून द्या."

मुख्याधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पहा, शिबिरात नेलं असं सगळेच म्हणतात. पट्टा का नाही, याचं उत्तर कुणाकडे आहे?"

"धायगुडे सरांकडं इचारा!" पिराजी म्हणाला. "सरबी हुते माझ्याम्होरं रांगेत. सर खोटं बोलत न्हाईत."

सगळ्या माना मागे वळल्या. हे खिडकीपासून दोन पावलं पुढे आले. शर्टाची वरची गुंडी लावली. मैदानावर निर्णय द्यायच्या आधी लावायचे तशी.

"मी खोटं बोललो होतो," हे म्हणाले. "कुत्रं शिबिरात नेलं नव्हतं. घरी लपवलं होतं. डॉक्टरांची काही चूक नाही."

सभागृहात एकच गलका. मला आधी कळेचना. मग कळलं. सगळं ऐकलं होतं यांनी. लेकीची नोकरी वाचवायला आयुष्यातलं पहिलं खोटं बोलत होते, आणि बोलताना मान अगदी ताठ. मुख्याधिकारी लगेच म्हणाले, "बघा पिराजी, सरच म्हणतायत." पिराजी यांच्याकडे बघत राहिला. चिडला नाही, काही नाही. नुसता खाली बसला. त्याच्या बाजूला बसलेल्या बाकीच्या मालकांनीही मग एकेक करून माना खाली घातल्या.

प्रांजलची पाठ माझ्यापुढे होती, ती हलत नव्हती. मी पुढे वाकले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "आता गप्प बसलीस तर घरी पाय ठेवू नकोस. मीही ठेवणार नाही."

ती उठली. खुर्ची मागे कलंडली, ती मी धरली.

"माझे वडील खोटं बोलतायत," ती म्हणाली. "आत्ता बोलतायत. तेव्हा खरं बोलत होते. पिराजीकाका खरं बोलत होते. चूक माझी आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. बटण, त्यावर ठाण मांडलेलं प्रथिन, बुक्काचं रक्त, देवळाच्या पायरीवर जोडलेले हात, सगळं. पट्टा असेल तर लस नक्की झालीय, पण पट्टा नाही म्हणजे लस नाही असं म्हणता येत नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. अर्ध्यांना ते कळलं, अर्ध्यांना नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे सर फाउल!" आणि हशा पिकला. हे तसेच उभे होते. पंचवीस वर्षं ज्या माणसाचा शब्द मैदानावर शेवटचा, त्याला मुलीने भर सभेत खोटा पाडला होता, आणि या वेळी ते खरं होतं. मुख्याधिकारी पाणी प्याले आणि सभा संपली म्हणाले.

प्रांजलला निलंबनाचं पत्र मिळालं. पुढच्या गावांतली योजना थांबली. काही लोकांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की लसच थोतांड आहे. ती ज्याला घाबरत होती ते अगदीच उगाच नव्हतं. आता ती घरोघरी जाऊन सांगते, बिनपगारी, आणि निम्मी दारं तिच्या तोंडावर बंद होतात.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ती बुक्काला घेऊन आली. तो अंगणात शिरला आणि वेड्यासारखा गोल गोल पळाला, माझी तुळस पाडली, यांच्या छातीवर पाय ठेवून उभा राहिला. हे त्याची मान दोन्ही हातांनी खाजवत राहिले. आमच्या दोघींकडे बघेनात. मी चहा ठेवला, तो गार झाला.

शेवटी हे म्हणाले, "जन्मात एकदा खोटं बोललो. तेही तुम्ही मायलेकींनी पचू दिलं नाहीत."

प्रांजलला हसूही आलं आणि रडूही. "पप्पा, मला माफ करा," म्हणत ती यांच्या पायाशी वाकली. यांनी पाय मागे घेतले.

"माझं काय घेऊन बसलीस? मला माझं कुत्रं परत मिळालं. मी तर तुझ्यासाठी पिराजीला सगळ्यांदेखत खोटा पाडायला निघालो होतो. त्याला आपण काय परत देणार?"

मग हे उठले, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि आमच्यासाठी न थांबता फाटकाबाहेर पडले. बुक्का मागे धावला तर त्याला आत घालून कडी लावली. प्रांजल डोळे पुसत मागे निघाली, तिच्या मागे मी.

पिराजीचं घर स्टँडच्या मागे आहे, एका खोलीचं. तो उंबऱ्यात बसला होता. आम्हाला बघून, त्या मोडक्या हातानेच, आमच्यासाठी सतरंजी ओढायला उठला.